वराह पेशींतील विषाणू-संसर्ग आणि इंटरफेरॉन : संरक्षणाची वेळ व मर्यादा

प्रास्ताविक :

विषाणूजन्य रोगांवर प्रतिजैविके चालत नाहीत, ही बाब आता सर्वसामान्य वाचकासही ठाऊक झाली आहे. माणसाच्या काही विषाणूजन्य रोगांसाठी विषाणूरोधक औषधे उपलब्ध झाली. पशुवैद्यकात, विशेषतः वराहपालनात, अशी औषधे जवळजवळ नाहीत. लस असल्यास ती टोचणे आणि रोग पसरल्यास जनावरे मारून पुरणे एवढेच मार्ग पशुपालकाच्या हाती राहतात. २०१३ मध्ये मिझोराममध्ये वराहांच्या प्रजनन व श्वसन विकाराची (पीआरआरएस) साथ भारतात प्रथम नोंदली गेली. २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग देशात प्रथमच अवतरला आणि त्यावर त्या वेळी जगात कोठेही मान्यताप्राप्त लस नव्हती. ईशान्य भारतातील ज्या कुटुंबांत घरामागे बांधलेली दोन-चार डुकरे हीच अडीनडीची शिल्लक असते, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ जीवशास्त्राचा राहत नाही.

लस उपलब्ध असली तरी ती टोचल्यापासून पुरेशी प्रतिपिंडे तयार होईपर्यंत साधारणपणे आठवडाभराचा काळ लागतो. विषाणू मात्र काही तासांत आपल्या असंख्य प्रती काढतो. या मधल्या काळात प्राण्याच्या पेशीजवळ स्वतःचे असे जे संरक्षण असते, त्यात इंटरफेरॉन या प्रथिनसमूहाचे स्थान प्रमुख आहे. सामान्यतः ‘विषाणूनाशक द्रव्य’ असा त्याचा परिचय करून दिला जातो. तो परिचय अपुरा आहे, किंबहुना काही बाबतींत दिशाभूल करणारा आहे. इंटरफेरॉन विषाणूला मारीत नाही. ते पेशीला सावध करते. ही सावधगिरी विषाणू येण्यापूर्वी साधली की नंतर, आणि येणारा विषाणू कोणता, यांवर परिणाम अवलंबून असतो. डुकराच्या पेशींवर झालेल्या अभ्यासातून हे जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते. म्हणून प्रस्तुत लेखात त्या अभ्यासातील काही निवडक उदाहरणांचा परामर्श घेतला आहे.

इंटरफेरॉनचा शोध व प्रजातिनिष्ठता :

१९५७ साली लंडनजवळील मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ॲलिक आयझॅक्स व स्वित्झर्लंडहून आलेले जाँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातील भ्रूणावरणाचे तुकडे उष्णतेने निष्क्रिय केलेल्या इन्फ्लुएंझा विषाणूच्या सान्निध्यात ठेवले. त्या तुकड्यांतून भोवतालच्या द्रवात असे काही द्रव्य उतरले की, त्या द्रवात ठेवलेल्या ताज्या तुकड्यांत जिवंत विषाणू वाढेनासा झाला. एका विषाणूने दुसऱ्याच्या वाढीत आणलेला हा व्यत्यय म्हणून त्या द्रव्याला ‘इंटरफेरॉन’ हे नाव मिळाले. जपानमधील नागानो व कोजिमा यांनी १९५४ मध्ये सशाच्या त्वचेवरील प्रयोगांत अशाच एका प्रतिबंधक घटकाचे वर्णन केले होते. परंतु त्याकडे जगाचे लक्ष जावे तसे गेले नाही.

एका जातीच्या प्राण्याचे इंटरफेरॉन त्याच किंवा जवळच्या जातीच्या पेशींवर चांगले काम करते, असा प्रारंभीचा समज होता व तो बराचसा खराही आहे. तथापि, मानवी इंटरफेरॉन गाय व डुक्कर यांच्या पेशींवर लक्षणीय परिणाम करते, असे ग्रेसर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. डुकराचे स्वतःचे भांडार याहून समृद्ध आहे. इंटरफेरॉनचे तीन प्रकार मानले जातात. अल्फा, बीटा आदी पहिल्या प्रकारात मोडतात, गॅमा दुसऱ्यात व लॅम्डा तिसऱ्यात. वराहाच्या जनुकसंचात एकट्या अल्फा इंटरफेरॉनची डझनाहून अधिक कार्यक्षम जनुके आढळतात. शिवाय डेल्टा नावाचा एक उपप्रकार आहे, जो गाभण डुकरिणीच्या पोटातील कोवळा गर्भ गर्भाशयाला चिकटण्याच्या सुमारास, कोणताही विषाणू नसताना, गॅमा इंटरफेरॉनसह स्रवतो. विषाणूशी झुंजण्याचे साधन गर्भधारणेच्या कामी का यावे, हे कोडे मोठे रंजक आहे. परंतु तो स्वतंत्र लेखाचा विषय होय.

प्रयोगाची रीत :

या क्षेत्रात सर्वाधिक वापरला जाणारा पेशीवंश म्हणजे पीके-१५. डुकराच्या मूत्रपिंडापासून तो मिळविलेला असून प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढविला जातो. ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या तबकडीत या पेशींचा एकेरी थर वाढवितात. इंटरफेरॉनचे द्रावण प्रत्येक खळग्यागणिक निम्मे-निम्मे विरल करीत त्यावर घालतात व पेशी साधारण एक दिवस उबेत ठेवतात. त्यानंतर व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस या पेशीमारक विषाणूची मोजकी मात्रा सर्व खळग्यांत सोडतात. दुसऱ्या दिवशी थर धुऊन त्याला जांभळा रंग दिला असता जिवंत पेशींचे खळगे गडद दिसतात. मेलेल्या पेशी तळापासून सुटून वाहून गेल्याने बाकीचे खळगे फिके राहतात. ज्या विरलतेला निम्म्या पेशी वाचतात, ती इंटरफेरॉनच्या एका एककाची खूण मानली जाते.

या रीतीत एक गोष्ट गृहीतच धरलेली आहे, ती म्हणजे इंटरफेरॉन आधी व विषाणू नंतर. पुष्कळशा प्रबंधांत ‘इंटरफेरॉनने विषाणूची वाढ अमुक पटीने घटली’ असे विधान असते, तेव्हा हा क्रम लक्षात घेणे अगत्याचे आहे. शेतावर हा क्रम क्वचितच लाभतो. तेथे रोग आधी दिसतो आणि उपचार नंतर सुचतो.

पेशीच्या आत काय घडते :

विषाणू पेशीत शिरला की त्याचे आरएनए किंवा डीएनए उघडे पडते. पेशीद्रवात एरवी न आढळणारी ही रचना ओळखणारी प्रथिने पेशीजवळ असतात. त्यांनी इशारा दिला की आयआरएफ-३ नावाचे प्रथिन सक्रिय होऊन केंद्रकात जाते आणि बीटा इंटरफेरॉनचे जनुक जागे करते. तयार झालेले इंटरफेरॉन पेशीबाहेर पडून शेजारच्या पेशींच्या पटलावरील ग्राही प्रथिनांना चिकटते. तेथून जॅक व स्टॅट या प्रथिनांच्या साखळीद्वारे संदेश केंद्रकापर्यंत पोहोचतो आणि शेकडो जनुके एकाच वेळी कार्यरत होतात. जी पेशी प्रथम बाधित झाली तिला याचा फायदा बहुधा होत नाही; गावात पहिल्या घरी दरोडा पडल्यावर उरलेल्या घरांनी कड्या लावाव्यात, तसा हा प्रकार आहे.

या कड्यांपैकी तिघींचा उल्लेख पुरेसा आहे. पीकेआर हे विकर दुपदरी आरएनए आढळताच पेशीतील प्रथिननिर्मितीच थांबविते. ओएएस हे विकर लहान आकाराच्या संदेशवाहक साखळ्या तयार करते. त्यांच्यामुळे आरनेज-एल हे दुसरे विकर जागे होऊन आरएनएचे तुकडे करू लागते. एमएक्स-१ हे प्रथिन इन्फ्लुएंझासारख्या विषाणूंची प्रत काढण्याची क्रिया अडविते. यांतील पहिल्या दोन उपायांत पेशी स्वतःचेही नुकसान करून घेते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. म्हणूनच ही विकरे निष्क्रिय रूपात साठविली जातात व विषाणूची खूण मिळाल्यावरच ती कामास लागतात.

लाळ्या-खुरकूत : चोवीस तासांचा फरक :

लाळ्या-खुरकूत हा रोग महाराष्ट्रातील पशुपालकांना गाई-म्हशींमुळे परिचित आहे. डुकरांनाही तो होतो आणि बाधित डुक्कर श्वासावाटे फार मोठ्या प्रमाणात विषाणू बाहेर टाकते. भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात या रोगाच्या लसीकरणासाठी गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्यांबरोबर डुकरांचाही समावेश आहे, तो या दृष्टीने योग्यच म्हणावा लागेल.

या विषाणूचे ‘लीडर’ नावाचे एक विकर आहे. पेशीतील संदेशवाहक आरएनएपासून प्रथिन बनविण्यासाठी जो घटक आवश्यक असतो तो हे विकर कापून टाकते. विषाणूच्या स्वतःच्या आरएनएला त्या घटकाची अखंड स्वरूपात गरज भासत नाही. परिणामी पेशीने इंटरफेरॉनचे जनुक जागे केले तरी त्यापासून प्रथिन तयार होत नाही, आणि विषाणूचे काम मात्र निर्वेध चालते. अमेरिकेतील प्लम आयलंड येथील संशोधकांनी लीडर विकर नसलेला विषाणू प्रयोगशाळेत घडविला. हा विषाणू पेशींतील इंटरफेरॉनची निर्मिती रोखू शकत नाही व त्यामुळे त्याचा प्रसार खुंटतो, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातून दिसून आले. म्हणजे विषाणूच्या घातकतेचा मोठा वाटा इंटरफेरॉनला गप्प करण्याच्या त्याच्या क्षमतेत दडलेला होता.

यावरून पुढची कल्पना सुचणे स्वाभाविक होते. पेशीला इंटरफेरॉन करू देण्याची संधीच विषाणू देत नसेल, तर ते त्याच्या आधी बाहेरून पोहोचवावे. डुकराच्या अल्फा इंटरफेरॉनचे जनुक वाढ खुंटविलेल्या एका ॲडेनोव्हायरसमध्ये बसवून तो डुकरांना टोचण्यात आला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत, टोचल्यानंतर २४ तासांनी लाळ्या-खुरकूतच्या विषाणूशी सामना करविलेल्या डुकरांत रोगाची लक्षणे दिसली नाहीत. हे संरक्षण सुमारे ३ ते ५ दिवस टिकले. लस आणि इंटरफेरॉन एकत्र दिल्यास एकाने आजचे व दुसऱ्याने पुढील आठवड्याचे संरक्षण करावे, ही योजना त्यातून पुढे आली. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये या रोगाच्या साथीत ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली होती. त्या पार्श्वभूमीवर काही दिवसांच्या संरक्षणाचे मोल किती, हे सांगावयास नको. मात्र, हीच युक्ती गाईंमध्ये तितकीशी यशस्वी झाली नाही. डुकरांतील निष्कर्ष जसाच्या तसा गोठ्यात नेता येत नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

क्लासिकल स्वाइन फीवर : अदृश्य विषाणूचा माग :

क्लासिकल स्वाइन फीवरचा विषाणू डुकराच्या पेशींत वाढतो, परंतु सहसा त्यांना मारीत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बाधित व निरोगी थर सारखेच दिसतात. त्यामुळे त्याची मोजणी कशी करावी, ही जुन्या संशोधकांची अडचण होती. १९५८ मध्ये जपानमधील कुमागाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले. या विषाणूने बाधित झालेल्या डुकराच्या वृषणपेशींवर कोंबड्यांच्या मानमोडी अर्थात न्यूकॅसल रोगाचा विषाणू सोडला, तर तो एरवीपेक्षा कितीतरी अधिक वाढतो व पेशींचा नाश करतो. निरोगी वृषणपेशींत मात्र त्याचा विशेष प्रभाव पडत नाही. या विरोधाचा उपयोग करून अदृश्य विषाणूची मोजणी शक्य झाली.

आयझॅक्स-लिंडेनमान यांचा शोध तेव्हा जेमतेम एक वर्षाचा होता. जपानी संशोधकांनी पाहिलेल्या घटनेचा रेणवीय उलगडा होण्यास मात्र चार दशकांहून अधिक काळ जावा लागला. न्यूकॅसलचा विषाणू हा इंटरफेरॉन निर्माण करविणारा एक प्रभावी विषाणू आहे व त्या इंटरफेरॉनला तो स्वतःच बळी पडतो. स्वाइन फीवरच्या विषाणूचे ‘एन-प्रो’ हे प्रथिन आयआरएफ-३ ला पेशीच्या कचराकुंडीकडे, म्हणजे प्रोटिएसोमकडे, धाडून नष्ट करविते. इशारा देणारा दूतच नाहीसा झाल्याने इंटरफेरॉन तयार होत नाही आणि पाठीमागून आलेल्या परक्या विषाणूला रान मोकळे मिळते.

येथे एक विसंगती दिसते. पेशीसंवर्धनात इंटरफेरॉन दडपणारा हाच विषाणू प्रत्यक्ष डुकराच्या शरीरात गेल्यावर रक्तातील अल्फा इंटरफेरॉनची पातळी मात्र खूप वाढलेली आढळते. ते रक्तातील विशिष्ट प्रकारच्या डेंड्रायटिक पेशींकडून येते, कारण त्यांचा इशारामार्ग आयआरएफ-३ वर विसंबून नसतो. रोग जितका तीव्र तितकी ही पातळी अधिक, आणि तिचा संबंध पांढऱ्या पेशींच्या ऱ्हासाशी जोडला जातो. जे वेळेवर व थोडके हवे होते ते उशिरा व अमाप आले, असे याचे वर्णन करता येईल. तबकडीतील खळग्यावरून संपूर्ण प्राण्याविषयी अनुमान काढणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

महाभक्षक पेशींतील विषाणू :

फुप्फुसातील महाभक्षक पेशी या वस्तुतः शरीराच्या पहारेकरी. पीआरआरएसचा विषाणू नेमका त्यांच्यातच वाढतो. त्याची अनेक प्रथिने इंटरफेरॉनच्या मार्गात अडथळे आणतात व बाधित डुकरात अल्फा इंटरफेरॉन अत्यल्प आढळते. उलटपक्षी, या पेशींना आधीच इंटरफेरॉन मिळाले असेल तर विषाणूची वाढ घटते. बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ मध्ये हे निसर्गाच्याच मदतीने तपासले. श्वसनमार्गातील एक सौम्य कोरोनाव्हायरस फुप्फुसात भरपूर इंटरफेरॉन निर्माण करवितो. त्याची बाधा आधी करून दोन दिवसांनी पीआरआरएसचा विषाणू दिला असता फुप्फुसातील त्याचे प्रमाण अनेक पटींनी घटलेले आढळले. एका विषाणूच्या मागे उरलेल्या सावधगिरीने दुसरा अडविला गेला. मिल हिल येथील मूळ प्रयोगच जणू जिवंत प्राण्यात पुन्हा घडला.

आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणूही महाभक्षक पेशींत वाढतो. हा आकाराने मोठा डीएनए विषाणू असून त्याच्याजवळ दीडशेहून अधिक जनुके आहेत. त्यांपैकी ‘एमजीएफ-३६०’ व ‘एमजीएफ-५०५’ (ज्यास पूर्वी ५३० म्हणत) या कुळांतील जनुके इंटरफेरॉनचा प्रतिसाद दडपतात, असे २००४ पासूनच्या अभ्यासांतून पुढे आले. ही जनुके वगळलेला विषाणू डुकरांना मारक ठरला नाही, उलट त्याने मूळ विषाणूपासून संरक्षण दिले. व्हिएतनाममध्ये २०२३ मध्ये व्यापक वापरास मान्यता मिळालेल्या एका जिवंत लसीचा पाया हाच आहे. लीडर विकर काढलेला लाळ्या-खुरकूतचा विषाणू आणि ही लस यांमागील तर्क एकच होय. इंटरफेरॉनपुढे विषाणूला निःशस्त्र करावयाचे व मग प्राण्याच्या प्रतिकारशक्तीला त्याची ओळख करून द्यावयाची. अर्थात जिवंत लसीचा विषाणू कळपात पसरून पुन्हा बळावणार नाही ना, ही शंका रास्त असून तिची खातरजमा देशोदेशीच्या परिस्थितीत स्वतंत्रपणे व्हावी लागते.

आतड्याच्या पेशींचा निर्देश येथे थोडक्यात करावा लागेल. पिलांना जीवघेणी हगवण लावणाऱ्या पीईडी या कोरोनाव्हायरसविरुद्ध डुकराच्या आतड्याच्या अस्तरपेशींत अल्फापेक्षा लॅम्डा इंटरफेरॉन अधिक परिणामकारक ठरते. लॅम्डाची ग्राही प्रथिने मुख्यतः अस्तरपेशींवरच असल्याने हे अपेक्षितही होते.

उलटा परिणाम : सर्कोव्हायरस :

आतापर्यंतच्या उदाहरणांत इंटरफेरॉन वेळेवर पोहोचले की विषाणू मागे हटतो. सर्कोव्हायरसच्या बाबतीत हा नियम मोडतो. १९७४ मध्ये बर्लिन येथील टिशर व सहकाऱ्यांना पीके-१५ पेशींतच एक अतिसूक्ष्म विषाणू मुक्कामाला असल्याचे आढळले. तो पेशींना कोणतीही इजा करीत नव्हता, म्हणून तोवर कोणाच्या लक्षातही आला नव्हता. पुढे त्यास पहिल्या प्रकारचा वराह सर्कोव्हायरस हे नाव पडले. पेशींच्या शुद्धतेविषयी संशोधक आग्रही का असतात, ते यावरून कळावे. २०१० मध्ये याच विषाणूचे अंश बालकांना देण्यात येणाऱ्या एका रोटाव्हायरस लसीत सापडले होते. माणसास त्यापासून अपाय होत असल्याचा पुरावा न मिळाल्याने लसीचा वापर काही आठवड्यांनी पूर्ववत झाला.

दुसऱ्या प्रकारचा सर्कोव्हायरस मात्र डुकरांत रोगकारक आहे. दूध तुटलेली पिले त्यामुळे खंगत जातात. २००५ मध्ये बेल्जियममधील मेर्ट्स, मिसिंझो व नाउवींक यांनी पीके-१५ आदी पेशींवर इंटरफेरॉनचा परिणाम वेळेच्या अनुषंगाने तपासला. गॅमा इंटरफेरॉन आधी दिले वा नंतर, बाधित पेशींची संख्या वाढलीच. अल्फा इंटरफेरॉन विषाणूनंतर दिले असतानाही ती वाढली. २००९ मध्ये याचे एक कारण पुढे आले. इंटरफेरॉनचा संदेश केंद्रकात पोहोचल्यावर ज्या विशिष्ट डीएनए क्रमावर तो उतरतो, तसाच क्रम या विषाणूच्या स्वतःच्या वर्तुळाकार जनुकद्रव्यात आहे. पेशीने संरक्षणासाठी वाजविलेली घंटा विषाणूने आपल्या कामाच्या सुरुवातीची घंटा म्हणून वापरावी, असा हा प्रकार आहे.

या निष्कर्षाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. दुसऱ्या प्रकारचा सर्कोव्हायरस जगभरातील बहुतेक वराहकळपांत, बहुधा लक्षणांवाचून, वास करून असतो. लाळ्या-खुरकूत वा पीआरआरएसच्या साथीत एखाद्या कळपाला इंटरफेरॉन टोचावयाचे झाल्यास त्या कळपातील पिलांच्या अंगी सर्कोव्हायरस आधीच आहे काय, असल्यास किती, आणि त्याविरुद्धची लस त्यांना दिलेली आहे काय, हे पाहिल्याशिवाय मात्रा ठरविणे धोक्याचे होईल. इंटरफेरॉनवरील परिणामकारकतेच्या चाचण्या बहुधा नेमक्या रोगमुक्त, निवडक डुकरांवर होतात. घरामागे बांधलेल्या डुकरांच्या अंगी मात्र एकाच वेळी दोन-तीन विषाणू असणे हीच नेहमीची स्थिती असते.